सीटबेल्ट काढ

काठ संपून रस्ता सरोवरावर उतरायचा
तिथे इसा गाडी जवळजवळ थांबवायचा
आणि म्हणायचा, सीटबेल्ट काढ.
जगातल्या सगळ्या बापांच्या उलट.
मग काच चार बोटं खाली,
उणे चोवीसची हवा आत,
आणि माझ्या गुडघ्यांवर त्याचा मफलर.
बर्फ फुटला तर बाहेर पडता यायला हवं, एवढंच.
भीती त्याने मला अशी शिकवली,
जशी दुसरी माणसं पाढे शिकवतात.

पिएलिनेनवरचा तो सात किलोमीटरचा रस्ता
जानेवारीत जन्मायचा, एप्रिलात वितळायचा,
आणि मधले दिवस तो ताउनो तुरुनेनच्या हवाली असायचा,
जो सकाळी माझ्या वेण्या घालायचा,
एक जाड, एक बारीक,
कारण आई लिएक्साच्या इस्पितळात रात्रपाळीला.

पहाटे चारला भोकं पाडायचा,
पट्टी आत सोडायचा,
गोठलेलं पेन टाकून पेन्सिलीने वहीत लिहायचा:
एक्केचाळीस. त्रेचाळीस.
दुसऱ्या बेटापाशी अडतीस, तिथे प्रवाह आहे.
पन्नास पन्नास पावलांवर फरची फांदी रोवायचा,
धुक्यात मुलीला वाट दिसावी म्हणून.
तसं म्हणाला नाही कधी. म्हणायचा, नियम आहे.

मी विचारलं होतं,
पडलेलं हिम खरवडून का काढतोस?
पांघरूण असलेलं बरं ना बर्फाला?
तो हसला. पांघरुणाखाली पाणी सैल राहतं, म्हणाला.
थंडी लागू दे, मगच ते वजन पेलतं.
आणि त्याच माणसाने माझे हातमोजे
ट्रॅक्टरच्या इंजिनावर ठेवून गरम केले,
नऊ हिवाळे.
स्वतःचंच म्हणणं इतकं उघड खोटं पाडणारा
दुसरा कुणी मला भेटला नाही.

हळू चालव, असं तो परक्यांना बजावायचा,
गाडीखाली एक लाट चालत असते,
तिच्या पुढे जाऊ नये.
डावा खांदा चोळायचा तेव्हा
आम्ही म्हणायचो, गिअर जड आहे.

मार्चचा शेवट. आदल्या संध्याकाळी त्यानेच
साखळी लावली होती, कुलूप घातलं होतं,
पाटीवर त्याच्याच गिचमिड अक्षरात: बंद.
रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर.
बर्फावरून वीस मिनिटं, वळसा घालून दीड तास.
शेजारचा ओस्मो म्हणाला, किल्ली दे, मी साखळी काढतो.
स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडून
इसाने मान हलवली.
एकोणतीस, म्हणाला.
ओस्मोला कळलं नाही. मला कळलं.
किल्ली कुठे आहे तेही मला माहीत होतं.
मी चौदा वर्षांची होते,
मी सांगितलं नाही.

यावर मी पुष्कळ वर्षं भांडले,
त्याच्याशी, आणि आत कुठेतरी त्या किल्लीशी.
रुग्णवाहिकेतल्या दोघांची नावं
मी पुढे शोधून काढली.
एकाला तेव्हा जुळी झाली होती, आठवड्याची.
हे कळून राग गेला असं नाही.
रागाला बसायला जागा कमी पडू लागली.

तो एकोणपन्नासचा. मी आता बावन्नची.
आरशात कधी कधी वाटतं,
आपल्यापेक्षा लहान माणसाला आपण बाप म्हणतो,
त्याला कुणीतरी झोप म्हणायला हवं होतं.
वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर आकडा,
त्याखाली फिकट: कायसूचे मोजे वाळत टाकलेत.
ते मिळाले. ओलेच होते.

तो रस्ता आता बऱ्याच वर्षी धरतच नाही.
मी हेलसिंकीत राहते, पुलांच्या गावात.
पुलावर गाडी चढली की
माझा हात आपोआप बकलवर जातो,
काच चार बोटं खाली येते.
गाडी टिंग टिंग करून रागावते.
मागून माझा मुलगा म्हणतो, आई, बेल्ट.
हो रे, म्हणते मी,
पलीकडे पोचेपर्यंत थांब.